नागपुरी संत्र्याचं अवतरणचिन्ह

लागवडीच्या झाडांची नावं लिहायचा एक आंतरराष्ट्रीय नियम आहे. आधी लॅटिन नाव, त्यापुढे वाणाचं नाव, आणि वाणाचं नाव एकेरी अवतरणचिन्हांत. ही चिन्हं शोभेची नाहीत. त्यांच्यावरूनच वाचणाऱ्याला कळतं की हा वाण आहे. म्हणजे आपलं संत्रं नियमाप्रमाणे लिहायचं तर ते असं होतं: सिट्रस रेटिक्युलाटा 'नागपूर संत्रा'. काटोल-वरुडकडच्या बागांवर काम करणाऱ्या कुणाच्याही तक्त्यात पहिल्याच रकान्यात ही चिन्हं असायला हवीत.

आता हा तक्ता पायथनमधून एसक्यूलाइटच्या टेबलात भरायचा आहे. आपल्याकडे हातोहात फिरणाऱ्या नोट्समध्ये, प्रॅक्टिकल फायलींमध्ये आणि बहुतेक व्हिडिओंमध्ये त्यासाठी जी ओळ असते, ती साधारण अशी. (एसक्यूएल मी इथं देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.)

"इन्सर्ट इनटू झाडे व्हॅल्यूज ('" + नाव + "', " + ब्रिक्स + ")"

तुकडे जोडून वाक्य बनवायचं आणि ते डेटाबेसला द्यायचं. डेटाबेसच्या हातात काय पडतं बघा:

इन्सर्ट इनटू झाडे व्हॅल्यूज ('सिट्रस रेटिक्युलाटा 'नागपूर संत्रा'', १०.२)

'रेटिक्युलाटा' नंतरचं चिन्ह आलं की डेटाबेसच्या दृष्टीनं नाव संपलं. पुढचं 'नागपूर' त्याला आज्ञेतला एक अनोळखी शब्द वाटतो, आणि तो सिंटॅक्स एरर देतो. प्रोग्रॅम थांबतो.

इथवर ठीक आहे. थांबला म्हणजे निदान कळलं तरी. पण तीन हजार ओळींची फाइल रात्रभर चालवायची असते, दर वेळी मधेच थांबलेलं कुणाला परवडत नाही, म्हणून त्या ओळीभोवती ट्राय लावलं जातं आणि एक्सेप्टखाली 'पास'. ही युक्तीसुद्धा नोट्समध्येच सापडते. मग प्रोग्रॅम सकाळपर्यंत व्यवस्थित चालतो. फक्त ज्या झाडांचं नाव नियमाप्रमाणे लिहिलं होतं, तेवढीच झाडं टेबलात येत नाहीत. ज्यानं नोंद निष्काळजीपणे केली त्याची झाडं राहिली आणि ज्यानं काळजीपूर्वक केली त्याची गेली. नमुने असेतसे गळाले तर आकडेवारीत त्याला काही उपाय असतो. एका विशिष्ट गटाचेच गळाले तर निष्कर्षच झुकतो, आणि तो कशामुळे झुकला हे शोधायला टेबलात काही उरलेलं नसतं.

फक्त संत्र्याचीच गोष्ट नाही. डीएनएचं ५' टोक आणि ३' टोक. रसायनशास्त्रातलं २,२'-बायपिरिडिन. अंश-मिनिटांत लिहिलेले नागपूरचे अक्षांश, साधारण २१°९'. वसई आणि गोव्याकडची डिसोझा, डिमेलो ही आडनावं रोमन लिपीत, डी नंतर अपॉस्ट्रॉफी देऊन. देवनागरीत ती सुखरूप असतात, पासपोर्टावरच्या रूपात आली की अडतात. विज्ञानाच्या कुठल्याही शाखेत जा, हे चिन्ह वाटेत उभं आहे.

माझी तक्रार ती ओळ ज्या पद्धतीनं शिकवली जाते त्याबद्दल आहे. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचं नाव प्रिपेअर्ड स्टेटमेंट. मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि मूल्यं वेगळी द्यायची: इन्सर्ट इनटू झाडे व्हॅल्यूज (?, ?), आणि सोबत (नाव, ब्रिक्स) ही जोडी. पण अभ्यासक्रमात हा उपाय येतो 'सुरक्षा' या प्रकरणाखाली, हॅकरच्या गोष्टीसोबत. आणि आपल्या लॅपटॉपवर एकट्यानं डेटा तपासणारा विद्यार्थी म्हणतो, माझ्याकडे कोण हॅकर येणार? त्याचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच तो उपाय वापरत नाही, आणि म्हणूनच त्याची संत्री गळतात.

हॅकरची गोष्ट खोटी नाही, हेही सांगायला हवं. एसक्यूएल इंजेक्शनचं पहिलं जाहीर वर्णन डिसेंबर १९९८ मधलं, 'फ्रॅक' या नियतकालिकाच्या ५४व्या अंकातलं. त्यानंतर सतरा वर्षांनी, २०१५ साली, ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच वाटेनं गेली आणि पुढच्या वर्षी कंपनीला चार लाख पौंडांचा दंड झाला. तुम्ही शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, सातबाऱ्याचे तपशील वेब फॉर्मवरून गोळा करत असाल तर हे सगळं तुम्हालाही लागू आहे. पण संशोधकाचं रोजचं नुकसान या वाटेनं होत नाही.

ते कसं होतं, त्याची दोन उदाहरणं देते. दोन्हींत एरर येत नाही.

पहिलं. अवतरणचिन्हांच्या कटकटीला कंटाळून काही जण सगळ्याच मूल्यांना ती लावून टाकतात, आकड्यांनासुद्धा. तीन फळांचा ब्रिक्स मोजला. एकाचा १०, दुसऱ्याचा ११, तिसरं फळ सडलं होतं म्हणून रकाना रिकामा. पायथनमध्ये रिकाम्या मूल्याला 'नन' म्हणतात. तुकडे जोडताना हा 'नन' चार अक्षरांचा इंग्रजी शब्द होऊन अवतरणचिन्हांत बसतो आणि टेबलात मजकूर म्हणून जातो. रकाना आकड्यांचा असला तरी एसक्यूलाइट तो मजकूर मुकाट्यानं ठेवून घेतं. पुढे सरासरी काढली की आकड्यासारखा न दिसणारा मजकूर शून्य धरला जातो. हे एसक्यूलाइटच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. खरी सरासरी १०.५. मिळते ७. तेच मूल्य प्रश्नचिन्हातून दिलं असतं तर 'नन'चं आपोआप नल झालं असतं, आणि नल सरासरीत मोजलं जात नाही.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं, अवतरणचिन्हं विसरण्याचं. आंबिया बहराची फुलं दिसली ती तारीख: २०२४-०३-०५. चिन्हांशिवाय ती वाक्यात जोडली की डेटाबेस तिला वजाबाकी समजतो. २०२४ वजा ३ वजा ५, म्हणजे २०१६. टेबलात २०१६ जातं. ते वर्षासारखं दिसतं म्हणून कुणाला संशयही येत नाही.

यात कुठं आहे हॅकर?

या विषयावरचं जगातलं सगळ्यात गाजलेलं शिक्षणसाहित्य म्हणजे एक्सकेसीडी या वेबकॉमिकमधली २००७ सालची पट्टी. एका आईनं मुलाच्या नावातच टेबल पुसून टाकायची आज्ञा घातलेली असते, आणि शाळेच्या यंत्रणेतून त्या वर्षीच्या सगळ्या विद्यार्थ्यांची नोंद उडते. पट्टी उत्तमच आहे. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजांनीसुद्धा तिच्याकडे बोट दाखवलेलं आहे. पण शिकवण्याचं साधन म्हणून तिचं एक मोठं वैगुण्य आहे, आणि ते मी कुठल्याही वर्गात सांगितलेलं ऐकलं नाही. ती युक्ती आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातल्या साधनांत चालतच नाही. पायथनच्या एसक्यूलाइट मोड्यूलमधलं एक्झिक्यूट एका वेळी एकच विधान चालवतं, दोन दिली तर एरर देतं. पीएचपीतलं साधं मायएसक्यूएलआय क्वेरी फंक्शनही अर्धविरामानंतरचं दुसरं विधान चालवत नाही. एखादी जिज्ञासू विद्यार्थिनी घरी जाऊन ते नाव टाकून बघते, टेबल शाबूत राहतं, आणि ती निष्कर्ष काढते की आपला कोड सुरक्षित आहे. प्रयोग करणाऱ्याला चुकीचं उत्तर मिळावं, यापेक्षा वाईट उदाहरण कोणतं? त्याच कोडमध्ये व्हेअरच्या अटीत "' ऑर '१'='१" घालून बघा. सगळ्या ओळी बाहेर येतात.

आता पीएचपीकडे. महाविद्यालयाची वेबसाइट किंवा विभागाचा फॉर्म अजूनही बऱ्याच ठिकाणी त्यातच असतो. पीएचपीचा या बाबतीतला इतिहास म्हणजे चुकीच्या जागी केलेल्या मदतीचा इतिहास. 'मॅजिक कोट्स' नावाची सोय होती. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हामागे ती आपणहून एक तिरकी रेघ लावायची, मूल्य डेटाबेसकडे जाणार आहे की नुसतं पडद्यावर, याचा विचार न करता. जुन्या याद्यांमध्ये डी आणि अपॉस्ट्रॉफीच्या मधे एक, कधी तीन तिरक्या रेघा असलेलं आडनाव पाहिलं असेल तर ते तिचे अवशेष. २०१२ साली, ५.४ आवृत्तीत ती सोय काढली. जुनी मायएसक्यूएल फंक्शनं २०१३ साली ५.५ मध्ये नापसंत ठरवली आणि डिसेंबर २०१५ मध्ये ७.० आलं तेव्हा काढून टाकली. तरी ती फंक्शनं असलेल्या नोट्स आजही झेरॉक्सच्या दुकानात मिळतात.

त्यांच्या जागी आलेल्या पीडीओची मांडणी चांगली आहे. पण त्याची मॅन्युअल वाचताना एका ठिकाणी थांबा. प्रिपेअर्ड स्टेटमेंट ही सोय इतकी उपयोगी आहे की ज्या डेटाबेसमध्ये ती नाही, तिथं पीडीओ तिची नक्कल करतं, असा त्या पानाचा सूर आहे. वाचणाऱ्याचा समज होतो की ज्या डेटाबेसमध्ये ती आहे तिथं खरीच वापरली जात असेल. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ४.१ आवृत्तीपासून, म्हणजे २००४ पासून आहे. तरीही पीडीओची मायएसक्यूएलसाठीची मूळ सेटिंग नकलेचीच आहे. प्रश्नचिन्हांच्या जागी पीडीओ स्वतःच मूल्यं बसवतं, त्यांना चिन्हं लावतं, आणि सर्व्हरकडे जोडलेलं आख्खं वाक्य पाठवतं. जोडणी तज्ज्ञानं केलेली असल्यामुळे ती आपल्या जोडणीपेक्षा कितीतरी भरवशाची आहे. पण 'सर्व्हर आधी वाक्य समजून घेतो, मग मूल्यं घेतो' हे जे वर्गात शिकवतात, ते तिथं घडत नसतं. लिमिटच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून एक्झिक्यूटला १० द्या. तो '१०' असा मजकूर होऊन जातो आणि एरर येतो, तेव्हा हे उघडं पडतं. पायथनमधलं सायकोपीजी२ हेही पोस्टग्रेसकडे असंच जोडलेलं वाक्य पाठवतं.

म्हणून परीक्षेत लिहिताना नाही तरी डोक्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पॅरामीटर देणं म्हणजे आज्ञा आणि मूल्य वेगळं सोपवणं. प्रिपेअर करणं म्हणजे आज्ञा एकदाच समजून घेऊन ठेवणं. पहिली गोष्ट दुसरीशिवाय होऊ शकते. संशोधकाला लागते ती पहिली.

दोन्ही खऱ्या अर्थानं कुठं होतात ते एसक्यूलाइटमध्ये स्वच्छ दिसतं. आज्ञा आधी वाचली जाते, तिचं रूपांतर आतल्या यंत्राच्या बाइटकोडमध्ये होतं, आणि त्यानंतर मूल्यं बांधली जातात. तलाठ्याकडचा जुना छापील सातबारा आठवा. पिकाच्या रकान्यात काहीही लिहा, अगदी 'हा रकाना रद्द' असं लिहा, छापलेला रकाना रद्द होत नाही. ते फक्त एक विचित्र पीक होतं. बाइटकोड तयार झाल्यावर आलेल्या अवतरणचिन्हाचं असंच होतं.

पायथनबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. डेटाबेस मोड्यूलनी कसं वागावं याचा दस्तऐवज, पेप २४९, १९९९ सालचा. त्यात प्लेसहोल्डर लिहायच्या पाच पद्धतींना मान्यता आहे. एसक्यूलाइटमध्ये प्रश्नचिन्ह, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसच्या प्रचलित मोड्यूलमध्ये टक्का-एस. आणि हे टक्का-एस पायथनच्या स्वतःच्या मजकूर जोडण्याच्या खुणेसारखंच दिसतं. परिणाम असा की बरोबर ओळीत वाक्य आणि मूल्य यांच्यामधे स्वल्पविराम असतो, चुकीच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह असतं, बाकी सगळं सारखं. एका चिन्हाचा फरक, आणि साध्या मूल्यांवर दोन्ही ओळी चालतात! पुढे २०१६ मध्ये ३.६ आवृत्तीत एफ-स्ट्रिंग आली आणि चुकीची पद्धत बरोबर पद्धतीपेक्षा देखणी झाली. नवशिक्याला दोष देऊन उपयोग नाही.

नवशिक्या आणखी एका जागी अडतो. एकच मूल्य द्यायचं असतं, तो कंसात 'नागपूर' लिहितो, आणि एरर येतो की विधानात एक जागा आहे पण मूल्यं सहा दिली आहेत. सहा कुठून आली? पायथननं शब्दच फोडला: न, काना, ग, प, ऊकार, र. कंसात शब्दानंतर एक स्वल्पविराम द्यायचा असतो, ('नागपूर',) असा, म्हणजे तो एका मूल्याचा गट होतो. बरेच जण या एररला वैतागून परत जोडाजोडीकडे जातात. तिथं टिकून राहा.

वेगाबद्दल थोडक्यात. 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट वेगवान असतं' हे वाक्य बहुतेक नोट्समध्ये पहिल्या फायद्याच्या जागी असतं. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या प्रश्नोत्तरांत दिलेलं आहे की साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला पन्नास हजार इन्सर्ट सहज होतात, पण ट्रान्झॅक्शन मात्र काही डझनच. म्हणजे प्रत्येक ओळीनंतर कमिट करत असाल तर प्रश्नचिन्हांनी तुमची रात्र वाचणार नाही. शेवटी एकदा कमिट करा, ती वाचेल.

प्रश्नचिन्ह काय करत नाही, हे न सांगणं हा या साहित्याचा आणखी एक दोष. टेबलाचं किंवा रकान्याचं नाव त्यातून देता येत नाही. कारण उघड आहे: टेबलच माहीत नसेल तर आज्ञा समजून काय घेणार? पण याचा एक फायदा मला दिसतो. प्रयोगशाळांमध्ये 'नमुने_२०२३', 'नमुने_२०२४' अशी वर्षागणिक टेबलं असतात, आणि मग टेबलाचं नाव बदलतं ठेवायची गरज पडते. प्रश्नचिन्ह तिथं नकार देतं तेव्हा ते रचनेतलीच चूक दाखवत असतं. वर्ष हा रकाना हवा होता. लाइकच्या शोधात '%?%' लिहिलं तर अवतरणचिन्हांतलं प्रश्नचिन्ह हे नुसतं अक्षर ठरतं, टक्के मूल्यासोबत जोडून द्यावे लागतात. आणि रिकाम्या ब्रिक्सची झाडं शोधायला 'ब्रिक्स = ?' मध्ये नन दिलं तर एकही ओळ मिळत नाही, कारण नल कशाच्याच बरोबरीचं नसतं. एसक्यूलाइटमध्ये तिथं 'ब्रिक्स इज ?' लिहा.

प्रबंधाच्या दृष्टीनं मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा कुठल्याच पानावर दिसत नाही. जोडून बनवलेलं वाक्य प्रत्येक नोंदीसाठी वेगळं असतं. तीन हजार झाडं म्हणजे तीन हजार वेगवेगळी वाक्यं, आणि ती सगळी एकच गोष्ट विचारत होती याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. प्रश्नचिन्हांचं वाक्य एकच असतं. ते परिशिष्टात जसंच्या तसं छापता येतं, बाजूला मूल्यांचा तक्ता देता येतो, आणि परीक्षक घरी बसून पडताळू शकतो. सगळ्या झाडांना एकाच पट्टीनं मोजलं, हे आपण पद्धतीच्या प्रकरणात लिहितोच. ते कोडमध्येही खरं असायला हवं.

विभागात वारशानं आलेली एखादी स्क्रिप्ट तुमच्याकडे असेल तर ती पूर्ण वाचायच्या आधी एवढं करा: एक्झिक्यूट हा शब्द शोधा, आणि त्याच्या कंसात अधिक, टक्का किंवा मजकुराआधी एफ दिसतो का बघा. मग एक्सेप्टखालचे सगळे पास शोधा. आणि मूळ एक्सेलमधल्या ओळी व टेबलातल्या ओळी मोजा.

संख्या जुळली तरी एक तपासणी उरते, आणि ती आपल्या भाषेची आहे. 'वऱ्हाड' मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड युनिकोडमधलं स्वतंत्र ऱ, म्हणजे ०९३१, आणि हलन्त वापरतात. काही साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. डेटाबेसला ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि तुम्ही प्रश्नचिन्हातून कितीही नीट विचारलं तरी तो एकाच प्रकारची गावं परत देईल. युनिकोडचं नॉर्मलायझेशन इथं पुरत नाही, कारण ते अदृश्य जोडचिन्हाला हात लावत नाही. इन्सर्टच्या आधीच एक रूप ठरवून दुसरं स्वतः बदलून घ्यावं लागतं. अमरावती जिल्ह्यातला डेटा असेल तर गावाच्या रकान्यावर एकदा ग्रुप बाय करून बघा, कुऱ्हा किती वेळा येतं ते.